सातवा फर्मा

तक्रार क्रमांक चारशे बारा.
मुरलीधर जिनगर, नारायण पेठ.
पैसे गेले, पुस्तक आलं नाही.

मी खराडीत, सहाव्या मजल्यावर,
समोरच्या यादीतून विचारत जाते :
नेट आहे? फोनमध्ये जागा आहे?
बंद करून पुन्हा चालू केलंत?
"बाई, तसं जमत असतं
तर आधी डोळेच नसते का केले."

शेजारच्या पोराला डाउनलोड्स उघडायला लावलं.
तिथे होतं.
अकरा वेळा होतं, एकच नाव, पुढे कंसात आकडे.
दर खेपेला मुकाट आत येऊन बसलेलं,
आणि हे दाराकडे कान लावून.

दोन रात्रींनी पुन्हा तेच आडनाव.
"सहाव्यात ती घागर घेऊन नदीवर निघाली,
आठव्यात तिचं तेरावं.
मधलं मरण कुठंय?
फर्मा गळलाय तुमचा.
अप्पा बळवंत चौकात चाळीस वर्षं पुस्तकं शिवली मी,
सुई ओवायच्या आधी फर्मे मोजायचे असतात.
तुमच्यात कोण मोजतं?"

सर्व्हरवर पाहिलं.
सातवं प्रकरण आमच्याकडेच नव्हतं.
दोन हजार तीनशे लोकांनी विकत घेतलेलं,
एकाचीही तक्रार नाही.

यादीत यावर उत्तर नव्हतं.
वर कळवते, म्हटलं.

"कळवा. घाई नाही.
आणि ते जास्तीचे दहा आलेत,
त्यांचं काय करू?
पुसायचे, की कुणाला देता येतात?"