सव्वानऊचा दिवा

याला स्क्रू नाहीत.
चारी बाजूंनी फिरवून बघितला,
स्टिकरखाली नखाने खरवडलं, नाहीत.
ज्याने बनवला त्याच्या मनातच आलं नसावं
की कुणी उघडेल.

तिसरीला वाफ दिली की ती तोंड उघडते.
हा प्लग गरम हवेलाही दाद देईना.
शेवटी हॅक्सॉचं तुटकं पातं शिवणीत सारलं
आणि कालव फोडताना बायका मनगटाला देतात
तो हिसका दिला.

बाहेर ठळक छापलंय: सोळा अँपिअर.
आत निळ्या रिलेवर, मुंगीच्या अक्षरात: दहा.
तोंडाने थाप मारायची
आणि पोटात खरं लिहून ठेवायचं,
आमच्या गावातही आहेत असे दोघे-तिघे.

हिरव्या पाटीवर फ्यूजची जागा आखलेली.
तिथे फ्यूज नाही, तारेचा उघडा तुकडा.
वाचले असतील दीड-दोन रुपये.
पण हा डाग हाताचा आहे.
मशीनचे डाग सगळे जिरेसाळ तांदळासारखे,
हा एकच पसरट, कडेला शेपूट आलेला.
कुणीतरी मान मोडून, घड्याळाकडे बघत
दिवसाला हजार डाग देत असेल.
शिवी ओठांवर आली होती, गिळली.
चारनंतर माझाही डाग असाच येतो.

बाकीचं काम आमच्या खाडीचं.
दाभोळची हवा कुणाला फुकट राहू देत नाही.
तांब्यावर कळक चढलेली,
रिलेच्या पायाशी तीन मुंग्या, कधीच्या मेलेल्या,
आणि कपॅसिटरची टोपी पुरीसारखी फुगलेली.
आजार कळला. औषध सहा रुपयांचं,
जुन्या टीव्हीतून काढलं तर तेवढंही नाही.

जैबूनचाची मुकादम
सकाळच्या फेरीबोटीने धोपाव्याहून आल्या होत्या,
प्लग दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
मुबीन कुवेतला जाताना लावून गेलेला.
पडवीतला दिवा, अम्मी, मी तिकडून लावीन,
मगरिबला, रोज.

कपॅसिटर बदलला. पाटी जागी झाली.
तीन बारीक तारा जोडून लॅपटॉपला लावली
तर सगळं भडाभडा सांगायला लागली:
घरच्या वायफायचं नाव, पासवर्डसुद्धा,
कडी नाही, कुलूप नाही,
एका होडीचं नाव आणि तिचा नंबर.
मी मान वळवली,
मागच्या दाराने कुणाच्या घरात शिरल्यासारखं झालं.

वळवता वळवता शेवटची ओळ दिसलीच.
दिवा लावायची वेळ: अठरा पंचेचाळीस.
घड्याळ: कुवेतचं.

तिकडचे पावणेसात म्हणजे इथले सव्वानऊ.
म्हणजे दोन वर्षं
जेवणं आटोपल्यावर, कोंबड्या झाकल्यावर,
धोपाव्यात सगळं सामसूम झाल्यावर
पडवीत उजेड पडत होता.

‘चाची, वेळ चुकलीय. एका मिनिटात नीट करतो.’

चाची बाकावर बसून
माझ्या टेबलावरचे सुटे स्क्रू
मोठे-लहान निवडत होत्या, मूग निवडावेत तसे.
‘ठाऊक आहे मला.
मगरिबला मी हाताने लावते की दुसरा बल्ब.
सव्वानऊला टिक् वाजतं. मग म्हणते,
सुटला कामावरून.
तू काही करू नको.
आणि त्याला सांगू नको, हसेल.’

मी काही केलं नाही.
म्हणजे वेळेचं काही केलं नाही.
तारेचा तुकडा उपटून खरा फ्यूज बसवला,
मुंग्या ब्रशने झाडल्या,
उघड्या तांब्यावर वार्निशचा हात दिला.
फुटलेल्या शिवणीला डिंक लावणार होतो,
बाटली परत ठेवली.
चाचींच्या ढिगातले दोन स्क्रू घेतले
आणि प्लगला कायमची दोन भोकं पाडली.

साठ सांगितले. चाळीस ठेवले त्यांनी,
वर कागदात सुकट.
चारची फेरीबोट भोंगा देत होती.
पिशवीत प्लग टाकता टाकता
बोटाने स्क्रू चाचपले
आणि विचारलं,
‘हे कशाला?’

पुढच्या वेळेला, म्हटलं.