राहो

दुरसून या नावाचा अर्थ: राहो.
आधीची तीन गेली,
मग चौथ्याला आईनं नावातच अडवून धरलं.
म्हणजे आपल्या धोंडू-दगडूचा हा चुलतभाऊच,
फरात नदीच्या काठी, बिरेजिक गावात.
बावीस वर्षं त्याचं कामही तेच,
पक्ष्यांना ठेवून घेणं.

केलायनाक. काळा पक्षी,
उन्हात तिरका वळला तर हिरवा, मग जांभळा.
मानेवर पिसांच्या झिपऱ्या, चोच कोयत्यासारखी,
डोकं तुळतुळीत.
कुरूप आहे हो, असं पाहुणे म्हणतात.
दुरसून टोपी काढत नाही.

सकाळी खिमा, किसलेलं गाजर, उकडलेली अंडी.
फेब्रुवारीत दारं उघडी:
पुदिन्याच्या वाफ्यांतून चरायचं,
कड्यावरच्या खोक्यांत अंडी घालायची,
आणि पिलं उडायला लागली की
पत्र्याचा डबा बडवायचा.
डब्याला भुलून सगळे आत.
कडी.

कारण पुढे दक्षिण आहे.
दक्षिणेत विजेच्या तारा आहेत, बंदुका,
फवारलेली शेतं, न मिटलेलं युद्ध.
गेलेले आले नाहीत.

तरी ऑगस्टच्या रात्री
पिंजऱ्यात जन्मलेली, पणजीपासून पिंजऱ्यातच जन्मलेली पिलं
दक्षिणेकडच्या जाळीला चिकटून बसतात.
उत्तरेची दांडी रिकामी.
शिकवलं कुणी?
दुरसून स्वतः उरफाच्या पलीकडे गेलेला नाही.

यंदा अंकाराहून नेवरा आली,
पाच पक्ष्यांच्या पाठीवर काडेपेटीएवढी यंत्रं बांधली,
म्हणाली, उघडा.
त्यानं उघडलं.
पक्षी हलेनात. त्याच्या हाताकडे बघत राहिले,
हातात सवयीनं डबा होता.
तो त्यानं पाठीमागे लपवला,
चोरी सापडलेल्या पोरासारखा.

मग गेले.
बायकोनं तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं,
इथली रीत आहे: पाण्यासारखं जा, पाण्यासारखं ये.

आता त्याच्या फोनवर चार ठिपके.
एक तांबड्या समुद्राच्या कडेनं निघालाय,
दोन जोडीनं आहेत.
चौथा वाळवंटात, मंगळवारपासून,
एकाच जागी.
यंत्र बिघडलं असेल, नेवरा म्हणते.
असेल.
रात्री अंथरुणात, बायको जागी होऊ नये इतक्या हळू,
दुरसून ठिपक्याला सांगतो:
हल रे. हल.
उभ्या जन्मात हा शब्द त्यानं
कुठल्या पक्ष्याला वापरला नव्हता.

पाचवा?
पाचवा त्याच संध्याकाळी परत आला,
यंत्रासकट, आपल्याच दांडीवर.
दुरसून त्याच्यावर खूप चिडला,
नदीपलीकडे ऐकू जावं इतका,
आणि मग अंडं सोलायला बसला.