कुंडईच्या फाटकाशी

सरकार पडलं त्या सकाळी
मी कुंडईला ट्रक मोजत होतो.

फाटकासमोर शाणूचा चहाचा गाडा.
तो मला 'भाटकार' म्हणतो, थट्टेनं,
कारण या व्हॉल्व्हच्या कारखान्याचे
माझ्याकडे अकराशे चाळीस शेअर आहेत,
म्हणजे हिशेबानं एखाद्या लेथचा दांडा,
किंवा नुसती शौचालयाच्या दाराची कडी.

शाणूच्या मोबाइलवर आठ आमदार
कुठल्याशा रिसॉर्टच्या तलावाकाठी
एकाच कापडाचे शर्ट घालून
लोकशाही वाचवत होते.
बाजार सव्वानऊला उघडला
आणि उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखा गेला.

फोंड्याहून गोकुळदासचा फोन:
विकू? सगळे विकतायत.
काइतानने तर सकाळीच सगळं मोकळं केलं.
म्हटलं, थांब, अकरावा बाहेर पडतोय.
काय पडतोय?
ट्रक. ताडपत्री ताणलेली, टायर दबलेले.
रिकामा ट्रक खड्ड्यात आरडाओरडा करतो, गोकुळदास,
हा नुसता कण्हला.

मी हुशार नाही, हे आधीच सांगतो.
चौतीस वर्षं आमोणेच्या धक्क्यावर
बार्जांचे हिशेब लिहिले.
खाणी बंद झाल्या तेव्हा एक शेअर
तीनशेवरून चाळीसला आला.
चाळीस! मला हसू फुटलं. शैलाचा
शाळेतला सगळा फंड त्यात ओतला.
चाळीसचे सात झाले, मग
विकायला गेलो तर घ्यायला कोणी नाही.
त्याच कंपनीची एक बार्ज अजून मांडवीत आहे,
गंजून तांबडी. तिच्या पोटात पिंपळ उगवलाय.
फेरीतून दिवाडीला जाताना शैला बोट दाखवते:
"तुमचं झाड वाढलं हो."
इतक्या वर्षांत एवढंच एक वाक्य.

तेव्हापासून पडलेल्या भावाला
मी आधी विचारतो,
तू पडलास, की तुझ्याखालची जमीन?

अहवाल मागून वाचतो.
अध्यक्षांचा हसरा फोटो राहू दे,
तळटिपा आधी, कर्ज आधी, येणी किती थकली ते आधी.
बाजारात इसवण घेताना
डोळ्यांवर पाणी मारलेलं असतं, सगळेच चमकतात.
कल्ला उचलून बघावा लागतो.
या कारखान्याचा कल्ला अजून लाल आहे.
आणि सरकार कुणाचंही येवो,
नळाला व्हॉल्व्ह लागतोच.

असं मला वाटतं.
जगाला लोखंड लागतंच,
असंही वाटलं होतं मला.

दुपारी दोनपर्यंत एकोणीस ट्रक.
वही मागे उलटली: गेल्या मंगळवारी बावीस.
तीन कमी. तीन म्हणजे काय?
सुट्टी, बिघाड, की सुरुवात?
उन्हात उभा राहून ते आकडे बघत राहिलो,
आणि तेरा टक्के खाली आलेला भाव
मला पहिल्यांदाच स्वस्त वाटेना.

शाणू ग्लास विसळत म्हणाला,
"भाटकार, मी पण घेऊ काय थोडे?"
नको म्हटलं. तुझा गाडा तुझा आहे,
त्यात भागीदार नाही, आमदार नाही.
आज चहा किती गेले?
"दोनशे दहा. रात्रीचे धरून."
रात्रीचे?
"शुक्रवारपासून रात्रपाळी लागलीय ना.
माल रात्रीच उचलतात आता, रस्ता मोकळा असतो."

गोकुळदासला फोन लावला: साठ घे.
फक्त साठ?
साठच. माझी छाती तेवढीच आहे.

संध्याकाळी फेरीत पाय ठेवला
तेव्हा आठाचे नऊ झाले होते, कुणीतरी
मोठ्यानं बातम्या लावल्या होत्या.
पिंपळावर एक बगळा बसला होता, निवांत,
बार्ज त्याच्याच नावावर असल्यासारखा.

घरी शैला उकडे तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली, "आज किती?"
एकोणीस.
"गेल्या मंगळवारी बावीस होते ना?"

मी चपला काढायचा थांबलो.
हो, म्हणालो.
आणि चहा दोनशे दहा.