आठ बाय दहा

रुवीच्या मागच्या गल्लीत, लाँड्री आणि मोबाइलवाल्याच्या मध्ये
माझं दुकान. आत तीन माणसं उभी राहिली
तर चौथ्यानं दारातून बोलायचं.
भिंतीभर रिकाम्या चौकटी.
रिकाम्या कसल्या, कारखान्यातूनच येतात
एक गोरं कुटुंब पोटात घेऊन,
कुत्र्यासकट हसणारं.
चौकट विकली की आधी त्यांना बाहेर काढतो.
खोकाभर साठलेत. फेकवत नाहीत.

मापं पाठ आहेत पाढ्यांसारखी.
चार सहा अल्बमातला, पाच सात टेबलावरचा,
आठ बारा भिंतीवरचा,
बारा अठरा बहुतेक माणूस गेल्यावर.
सेंटिमीटरमधला चार बाय सहा वेगळा, तो सरकारचा.
त्यात दोन्ही कान दिसले पाहिजेत,
बाकी काही दिसलं नाही तरी चालतं.

गुरुवारी रात्री लियाकत खोत आला, दापोलीकडचा.
मिसफाच्या कॅम्पात राहतो, क्रेन चालवतो.
फोन पुढे केला: पोरीचा साखरपुडा.
ओसरीवर सगळी ओळीनं.
डाव्या टोकाला खुर्चीत आई, पायांत मोजे,
उजव्या टोकाला होणारा जावई, अंग चोरून,
आणि मधोमध, बायको आणि पोरगी यांच्यात
एक माणूस मावेल एवढी फट.
"मला नंतर चिकटवायचं म्हणून ठेवलीय.
राहू दे आता ते."

चौकट त्यानं आधीच उचललेली,
सोनेरी वेलबुट्टीची, अडीच रियाल, आठ बाय दहा.
मी म्हटलं, कॅमेऱ्याचा फोटो लांबट,
आठाला बारा मागतो.
आठ दहात दोन इंच माणसं जातात.
"कुठली?"
टोकाची. आई, नाहीतर जावई.
नाहीतर दोघंही थोडी थोडी.

तो बघत राहिला. मग पट्टी मागितली.
मी फोटो खऱ्या मापाला आणला,
त्यानं स्क्रीनवर पोलादी पट्टी धरली,
मधल्या फटीवर.
"दोन इंचच आहे," म्हणाला, हिशेब जमल्यासारखा.
"हीच काढ. सगळी मावतील."

केलं. गिऱ्हाइकाचं ऐकायचं असतं.
अर्धी ओसरी धरून अलीकडे सरकवली,
मागच्या दाराची फळी फळीला जुळवली,
आणि बायकोचा खांदा पोरीच्या खांद्याला लागला.
पताकांची दोरी एका जागी जराशी मोडली, एवढंच.
बाकी इतकं बेमालूम
की आम्ही दोघंही काही बोललो नाही.
लाँड्रीचं यंत्र पलीकडे फिरत होतं.

मग मी मागे घेतलं. त्याला एक बटण असतं.
म्हटलं, थांबा, बाराची चौकट मीच बनवतो,
ह्याच वेलबुट्टीचे तुकडे पडलेत मागे.
पंचेचाळीस अंशांत चार कोपरे.
चौथा नेहमी दगा देतो, त्यात मेण भरलं.
पैसे अडीचच.
अर्धा रियाल जास्त ठेवत होता,
त्यावरून बराच वेळ गेला.

कॅम्पात भिंतीला खिळा ठोकायला बंदी.
"लावणार कुठे?"
"आठ दहा उशीखाली मावली असती," तो म्हणाला.
टॉवेलात गुंडाळून घेतली.
बॅगेत कपड्यांच्या मध्ये राहील, सुट्टीपर्यंत.

निघता निघता आठवलं त्याला, कार्ड संपतंय,
चार बाय सहाही काढून टाक.
स्टुलावर बसवला. मागे पांढरा पडदा.
दोन्ही कान दिसत होते.
तीनदा सांगावं लागलं,
लियाकतभाई, तोंड मिटा,
सरकारी फोटो आहे.