पहिल्या खणातलं सिम

जिंतूरच्या बसस्टँडामागं लखनच्या दुकानात
त्यानं टाचणी टोचून फोनचा बारका कप्पा बाहेर ओढला.
म्हणाला, "मामा, हे बगा दोन खण.
पहिल्यात आपलं, दुसऱ्यात तिकडचं.
आपलं काढू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो.
डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा,
न्हाईतर पेन्शन एका रात्रीत खलास."

एकतीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्ह फिरवले मी.
एक आवळल्याबिगर दुसरा सोडायचा नाही,
हे मला लखन सांगायलाय.

उल्मला उतरल्यावर पोरानं दुसरं सिम घातलं.
पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला,
मग तोंड डावीकडं, तोंड उजवीकडं,
लग्नाला स्थळ दाखवावं तसं.
आता पडद्यावर दोन शिड्या,
आणि कुणाला फोन लावायला गेलं की
फोनच आधी विचारतो: एकातनं का दोनातनं?

दोनवर दोघंच. गजेंद्र आणि रेवती.
बाबा, कुठं आहात. बाबा, ट्राम आली का.
एक नंबर मात्र
पंपहाऊसच्या दारावर खडूनं लिहिलेला,
द्वारकाबाईच्या न्हाणीत कोळशानं.
तिथला शेवटचा आकडा शिंतोड्यांनी पुसलाय,
पण त्यानं काही अडत नाही.

पहिल्याच रात्री साडेबाराला तो वाजला.
तिकडं पहाटेचे चार.
"विश्वंभरराव, पाणी कधी सुटायलंय?"
मी रिटायर झालो, मी जर्मनीत हाव,
हे सांगेपर्यंत तीन मिनिटं गेली.
"आस्सं," द्वारकाबाई म्हणाल्या,
"मग तिथून काही जमतंय का बगा. आज आठवा दिवस."

सकाळी किती कटले त्याचा मेसेज.
गजेंद्र म्हणाला, बाबा, ते सिम बंदच करून टाका.
मी ओटीपीचं नाव पुढं केलं.

मग माझ्या जागी आलेल्या मुबीनला
वायफायवरून नीट समजावलं.
त्याचा नेटपॅक कायम संपलेला,
आणि खड्ड्यात उतरला की रेंज नुसती नावाला.
मिस्ड कॉल द्यायचा. मी उचलणार नाही.
एक रिंग, टाकी भरली.
दोन, खालची गल्ली सुटली.
तीन म्हणजे अडलंय, वर ये, मी करतो.
न उचललेल्याचे पैसे
अजून तरी कुणी लावत नाही.

इथं ओट्यावरचा नळ कधीही उघडा, येतंय.
चार दिवस मी झोपायच्या आधी
एक पातेलं भरून झाकून ठेवलं.
सकाळी रेवती ते कुंडीत ओतायची,
काही बोलायची नाही.
पाचव्या रात्री बघतो तर
पातेलं आधीच भरलेलं. वर ताटली.
तिचं माहेर अंबडचं.

परवा तीन रिंगा आल्या.
लावला तर मुबीन धापा टाकायला.
मामा, चौकातला आवळायलोय तेवढा आवळायलोय,
पाणी फुटून नालीत चाललंय.
आणि मला घाम फुटला.
त्या एकाचा आटा उलटा आहे.
डावीकडं बंद, उजवीकडं सुटतो.
माझ्या आधीच्या व्हॉल्व्हमननं मला सांगितलेलं,
मी कुणाला सांगितलंच नाही,
ना रजिस्टरात, ना चार्ज देताना.
"डावीकडं, पोरा. सगळी दुनिया सोडती तिकडं."
अंधाऱ्या स्वयंपाकघरात
माझा हात आपोआप हवेत फिरायला लागला,
खांद्यात ती जुनी कळ सुद्धा आली.
"हां, हां... थांबलं मामा."
फोन कट.

मग वाट.
समोरच्या इमारतीत एक दिवा लागला, गेला.
दोनची शिडी भरलेली, एकची दोनच पायऱ्यांची.
एक रिंग.
दुसरी.
तिसरीसाठी मी श्वास धरून बसलो,
आली नाही.

मग तहान लागली.
नळाशेजारीच उभा होतो,
तरी ताटली बाजूला करून
पातेल्यातलंच प्यालो.