सात मीटर जास्तीची

कुह्मोच्या पुढे डांबर संपतं, मग खडी,
मग एन्सिओचं शेत,
ज्यात बटाट्याच्या ओळींपेक्षा ताणाच्या तारा जास्त.
मी शाळेची बस चालवते.
रेडिओतलं मला ओ की ठो कळत नाही,
पण दोर धरता येतो, आणि वर माणूस असताना
मी बडबड करत नाही. म्हणून मला बोलावतात.

खालची यागी एन्सिओची.
वरची ओस्मोची.
ओस्मो फेब्रुवारीत गेला, गोठलेल्या तळ्यावर
भोकात गळ सोडून, स्टुलावर बसल्या बसल्या.
हिल्कानं ती विकली नाही. "घेऊन जा," म्हणाली,
"कपडे वाळत घालायला फार उंच आहे."

गवतावर ती पडली होती
जेवून झालेल्या माशाच्या काट्यासारखी.
चढवताना अर्ध्यात वारा आला,
मी मागच्या दोराला लोंबकळले, हातमोज्यासकट तळवा सोलला,
आणि यार्मो पट्ट्यावर रेलून वरून ओरडला,
जे ओरडला ते इथे लिहीत नाही.

एकीवर एक कशाला? मी विचारलं होतं.
एन्सिओ म्हणाला, एकटी बोलते तेव्हा
बरंचसं आभाळात जातं, फुकट.
दोघी एकाच क्षणी तेच बोलल्या
की आवाज चपटा होतो,
क्षितिजाला घासून निघतो.
आणि मिळतं किती?
"तीन डेसिबल. तेही पुरते नाहीत."
हे त्यानं असं सांगितलं
की मला अजून विचारायची लाज वाटली.

संध्याकाळी जोडणी झाली. कॉफी झाली.
आणि दूरचं कुणीच नाही.
पोलंड ठणठणीत, स्वीडन कानठळ्या बसवणारं,
पण क्षितिजापलीकडे सगळं मुकं.
फक्त खालची लावली, तर जग ऐकू येई.
फक्त वरची लावली, तरी येई.
दोघी मिळून मात्र बहिऱ्या.

दोन दिवस यार्मो वरखाली.
केबली मोजल्या, सारख्या. सांधे सोडले, कोरडे.
तिसऱ्या दिवशी त्यानं वरून फोटो धाडला,
आणि एन्सिओ तो फोनवर बोटांनी ताणत
बराच वेळ पायरीवर बसून राहिला.

ओस्मो डावखुरा होता.
आपण सगळे मधली तार ज्या अंगाला जोडतो
त्याच्या बरोब्बर दुसऱ्या अंगाला त्यानं जोडली होती.
खालची सव्य, वरची अपसव्य:
ही हो म्हणे तेव्हाच ती नाही म्हणे,
आणि मध्ये, जिथं ऐकणारा असतो,
तिथं शिल्लक शून्य.

"दहा मिनिटांचं काम," यार्मो म्हणाला. "फिरवतो."
हिल्का लिंगनबेरीची बादली घेऊन आली होती,
पानं निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"त्यानं लावलंय ते राहू दे ना.
दुसरा काही इलाज नसतो का तुमच्यात?"

असतो.
एकीच्या केबलीत अर्ध्या लहरीची भर घालायची,
म्हणजे ती तेवढी उशिरा बोलते,
आणि उलटं सुलट होतं.
अर्धी लहर म्हणजे, त्या केबलीत, सात मीटर.
थोडी शक्ती वाटेत मरते. आणि त्या एका बँडपुरतंच जमतं.
एन्सिओला शक्ती वाया घालवलेली खपत नाही,
तो चहाची पिशवी दोनदा वापरतो.
तो काही बोलला नाही. करवत आणली, केबल कापली,
आणि भर घातली ती आपल्या, खालच्या यागीला.

रात्री सव्वानऊला टास्मानियातून एक बाई आली,
नुकतीच कोंबड्यांना दाणे टाकून.
बारीक आवाज, पण अख्खा,
कडा न तुटलेला.
एन्सिओनं हेडफोन माझ्या कानाला लावला.
तिकडे सकाळ होती.

हिल्का आत आली नाही.
टॉवरच्या पायथ्याशी कपाळाला दिवा लावून उभी होती.
जास्तीच्या केबलीची गुंडाळी हातात,
टेप सोडवलेला.
"ही अशी नसते घालायची," म्हणाली,
आणि पहिल्यापासून घालू लागली
दुसऱ्या बाजूनं,
चुकत, थांबत,
उजव्या हाताला ते वळण नव्हतं.