चौदा फूट नऊ इंच

पोरगा वही घेऊन आला होता.
काका, दुमजली गाड्या कुठल्या मार्गांवर,
नंबर काय, सुरू कधी, बंद कधी?
चहा घेतला, बिस्किट नको म्हणाला.
मी म्हटलं, नंबर पाटीवर असायचा,
पाटी पुढं. मी मागं, जिन्यात.

मला विचार, वाकायचं कुठं.

स्वारगेट ते टिळक रोड संपेपर्यंत बिनघोर.
अलका चौकात मात्र दांडा धर,
लकडी पुलाकडं वळताना वरचा मजला
खालच्यापेक्षा अर्धा श्वास उशिरा वळतो.
नदीचा वासही दोन मजल्यांना वेगळा:
खाली चिखल,
वर, थंडीत, नुसतं पाणी.

डेक्कनला एक बाई चढायची.
टेलिफोन खात्यात होती, डबा मांडीवर,
रोज पुढची उजवी खिडकी.
खाली बसायला जागा असली तरी वर.
पाच पैसे जादा मागितले असते तरी दिले असते तिनं.
नाव मी विचारलं नाही. सुट्टे मात्र नेहमी बरोबर.

पुढं झाडं. झाडांत केरू रणपिसेचं राज्य.
पगारपत्रकावर बिगारी.
महिन्यातून एकदा पहाटे रिकामी गाडी काढायची,
तो वरच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर,
हातात आकडी, मी मागून त्याचा पट्टा धरलेला.
डावी घे. ही राहू दे, वडाची आहे,
टपावर घासेल तेवढी घासू दे.
उंची चौदा फूट नऊ इंच, रुंदी आठ फूट,
त्यापुढं एक पान तोडायचा नाही.

एकदा त्यानं बेल मारली. एक ठोका.
होल्याचं घरटं होतं, दोन पिल्लं, चोची वर.
मग सतरा दिवस हनीफ तांबोळीनं
भर रस्त्याच्या मधून गाडी नेली,
समोरच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात.
साहेबांनी विचारलं तर म्हणाला,
खड्डा आहे साहेब, भरतोय हळूहळू.

बंद कधी झाली?
कागद असेल कुठंतरी, शिक्क्यासकट.
सुटे भाग मिळेनात, तारा खाली उतरल्या.
मला कळलं ते असं:
एक तारखेपासून मी तळमजल्यावर.
वरून येणारी बेल नाही.
दोन ठोके मीच द्यायचे, मीच ऐकायचे.

पण झाडांना परिपत्रक गेलं नव्हतं.
शिवाजीनगर सोडलं की फांद्यांमध्ये
गाडीएवढी मोकळी जागा तशीच,
कोपऱ्यांना चौकोनी.
त्यात सकाळचं ऊन पॅसेंजरसारखं बसलेलं.
खालून जाताना मी मान वर करून बघायचो,
तिथं हवेत माझी ड्यूटी चालू होती.

भरायला पाच पावसाळे लागले.
केरू तोवर रिटायर. एकदा स्टॉपवर भेटला,
तंबाखू मळता मळता वर बघितलं,
म्हणाला, बुजलं.
एवढंच. त्याची बस आली.

पुढं रस्ता रुंद झाला.
बुजलेलं आणि न बुजलेलं, दोन्ही गेलं.

परवा बायको म्हणाली, मेट्रोत बसून तर बघू.
बसलो. गार आहे, स्वच्छ आहे.
खिडकी उघडत नाही.
एवढ्या उंचावरून माणूस दिसतो,
टक्कल दिसत नाही, गजरा दिसत नाही,
पिशवीतून डोकावणारी मेथी तर नाहीच.

पोराच्या वहीत अर्धं पान कोरं राहिलं.
काका, एखादा तरी नंबर?
मी म्हटलं, चौदा फूट नऊ इंच लिही.
त्यानं लिहिलं, खाली रेघ मारली.

निघाला तेव्हा दारात सवयीनं बोलून गेलो,
डोकं सांभाळ.
आमच्या फ्लॅटचं दार चांगलं सात फुटी.
तरी वाकला.